‘गगन’ आणि विमानातील रिसीव्हर : अचूकतेच्या चाचणीचे एक प्रकरण

२८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर-७२ जातीचे विमान राजस्थानातील किशनगढ विमानतळावर उतरले. उतरताना दिशा आणि उंची यांचे मार्गदर्शन धावपट्टीशेजारच्या एखाद्या रेडिओ यंत्रणेकडून येत नव्हते. जीपीएसचे उपग्रह आणि त्यांच्या संकेतांतील चुका दुरुस्त करणारी ‘गगन’ ही भारतीय प्रणाली यांच्या आधाराने विमानातील रिसीव्हर ते स्वतः काढत होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, पथक या चाचणी-उड्डाणात विमानातच बसलेले होते. बातमीच्या दृष्टीने हा दिवस मोठा होता, पण चाचणीच्या दृष्टीने अवघड काम त्याच्या कितीतरी आधी उरकलेले होते. एका अवतरणाने, किंवा शंभर अवतरणांनीही, असा रिसीव्हर भरवशाचा आहे हे सिद्ध होत नाही. त्याची परीक्षा कोणत्या टप्प्यांत होते, प्रत्येक टप्पा नेमके काय तपासतो आणि काय तपासू शकत नाही, हे पाहण्यासाठी ‘गगन’चे प्रकरण विशेष उपयोगी आहे, कारण इतर देशांत नजरेआड करता येणारी एक अडचण भारतावरच्या आकाशात अगदी मध्यभागी येऊन उभी राहते.

प्रणालीची मांडणी

‘गगन’ हा इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांचा संयुक्त प्रकल्प आहे. देशभरात १५ संदर्भ केंद्रे आहेत. त्यांपैकी एक नागपूरला आणि एक गोव्याला आहे, तर जैसलमेर, दिब्रुगढ, पोर्ट ब्लेअर, तिरुवनंतपुरम ही टोकाची ठिकाणेही त्यांत येतात. प्रत्येक केंद्राच्या अँटेनाचे स्थान आधीच काटेकोर मोजलेले असल्यामुळे तिथे येणाऱ्या जीपीएस संकेतात किती चूक आहे हे कळते. ही माहिती बंगळूरच्या मुख्य नियंत्रण केंद्राकडे जाते, तिथे दुरुस्त्या तयार होतात आणि भूस्थिर उपग्रहांमार्फत जीपीएसच्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर प्रक्षेपित होतात. त्यामुळे विमानाला वेगळी अँटेना बसवावी लागत नाही. हा संदेश वाहून नेण्यासाठी तयार केलेला जीसॅट-४ हा उपग्रह १५ एप्रिल २०१० रोजी जीएसएलव्हीच्या अपयशात गेला. पुढे २०११ मध्ये जीसॅट-८, २०१२ मध्ये जीसॅट-१० आणि २०१५ मध्ये जीसॅट-१५ यांनी ती जागा भरून काढली.

डीजीसीएने या प्रणालीला दोन टप्प्यांत मान्यता दिली. ३० डिसेंबर २०१३ रोजी मिळालेली पहिली मान्यता केवळ आडव्या मार्गदर्शनापुरती होती, आणि तिची मर्यादा एक दशांश सागरी मैल, म्हणजे सुमारे १८५ मीटर, एवढी ऐसपैस होती. २१ एप्रिल २०१५ रोजी मिळालेल्या दुसऱ्या मान्यतेत उंचीचे मार्गदर्शनही आले. एपीव्ही-१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पातळीत ९५ टक्के वेळा आडवी चूक १६ मीटरांच्या आणि उभी चूक २० मीटरांच्या आत असावी लागते. मात्र या दोन आकड्यांपेक्षा त्यांच्या सोबतची दुसरी जोडी अधिक कडक आहे. चूक आडवी ४० मीटर किंवा उभी ५० मीटर ओलांडण्याची शक्यता निर्माण झाली, तर रिसीव्हरने १० सेकंदांच्या आत वैमानिकाला तसे सांगितलेच पाहिजे, आणि न सांगता ती मर्यादा ओलांडली जाण्याची संभाव्यता एका अप्रोचमागे, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या एका खेपेमागे, एक कोटीत सुमारे दोनपेक्षा जास्त असता कामा नये.

थोडक्यात, रिसीव्हरला स्वतःच्या स्थानाबरोबर आणखी एक आकडा द्यावा लागतो : आपली चूक जास्तीत जास्त किती असू शकेल याचा. तांत्रिक भाषेत ही संरक्षण पातळी होय. ती ठरलेल्या इशारा मर्यादेच्या वर गेली की रिसीव्हर अप्रोचसाठी स्वतःला अपात्र ठरवतो आणि वैमानिकाच्या पडद्यावर तसे दिसते. प्रवाशांच्या सुरक्षिततेचा भार स्थानाच्या अचूकतेपेक्षा या दाव्याच्या खरेपणावर अधिक असतो. म्हणून चाचणीही मुख्यतः दाव्याचीच असते.

प्रयोगशाळेतील भाग

विमानात बसणाऱ्या अशा रिसीव्हरसाठी अमेरिकेतील आरटीसीए या संस्थेचा डीओ-२२९ हा मानक दस्तऐवज जगभर आधारभूत धरला जातो. या चाचण्यांत रिसीव्हरला खरे आकाश दाखवले जात नाही. संकेत-सिम्युलेटर उपग्रहांची कक्षा, घड्याळे, विमानाचा वेग आणि वळणे यांनुसार संकेत तयार करतो आणि ते केबलने थेट रिसीव्हरमध्ये सोडतो. विमानाचे ‘खरे’ स्थान सिम्युलेटरनेच ठरवलेले असल्यामुळे चूक मोजण्यात कसलीही संदिग्धता राहत नाही. संकेत सर्वांत क्षीण असताना आणि सर्वांत प्रबळ असताना, शिवाय बाहेरचा रेडिओ गोंगाट मुद्दाम मिसळून, अशा वेगवेगळ्या परिस्थितींत रिसीव्हर पारखला जातो. उंचीच्या मार्गदर्शनासाठी वापरायच्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट किमान शक्तीच्या संकेतावर ०.३६ मीटर आणि कमाल शक्तीच्या संकेतावर ०.१५ मीटर या प्रमाण विचलनाच्या, म्हणजे चुकांच्या सरासरी विखुरणीच्या, आत असावा लागतो. त्यासाठी अंतराच्या मोजमापाला वाहक लहरीच्या, म्हणजे संकेत वाहून आणणाऱ्या मूळ रेडिओ लहरीच्या, मोजमापाची जोड देऊन शंभर सेकंदांच्या कालांकाने ते गुळगुळीत केले जाते. विमानाच्याच पंख-शेपटीवरून परावर्तित होऊन येणाऱ्या संकेतांची चूक मात्र प्रत्येक विमानावर वेगळी मोजत नाहीत. उपग्रह क्षितिजापासून किती वर आहे त्यानुसार ती एका ठरीव सूत्राने धरली जाते.

हे आकडे डेसिमीटरांतले आहेत आणि आजचे चांगले रिसीव्हर ते सहज पाळतात. पण प्रयोगशाळेला एक अंगभूत मर्यादा आहे. सिम्युलेटर तेच आकाश निर्माण करतो जे अभियंत्याने त्यात लिहिले आहे. रिसीव्हर सूत्रे बरोबर लावतो की नाही, संदेश नीट वाचतो की नाही, धोक्याच्या संदेशानंतर वेळेत माघार घेतो की नाही, हे तिथे पक्के कळते. सूत्रांत घातलेले आकाश खऱ्यासारखे आहे की नाही, हे तिथे कळत नाही.

भारतावरचे आयनांबर

आकाशातून येणाऱ्या संकेताला आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विलंब होतो. सूर्यकिरणांनी सुटे केलेले इलेक्ट्रॉन जितके जास्त तितका हा विलंब जास्त. एक चौरस मीटर छेदाच्या स्तंभात १० चा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन असले की त्याला एक एकक म्हणतात, आणि असे एक एकक जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर सुमारे १६ सेंटिमीटरांची चूक निर्माण करते. रात्री शांत वेळी डोक्यावर दहाएक एकके असली तर चूक दीड मीटरच्या घरात राहते. सूर्य सक्रिय असताना भारतातील काही पट्ट्यांवर दुपारी शंभराहून अधिक एकके असणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाच्या संकेतात १६ मीटर, आणि क्षितिजालगतच्या उपग्रहाचा संकेत तिरपा येत असल्याने त्याच्या सुमारे तिप्पट. प्रयोगशाळेत ज्या ०.३६ मीटरांसाठी एवढा खटाटोप केला, ते या आकड्यांपुढे नगण्य ठरतात.

त्यात भूगोलाची भर पडते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा येथे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र उभारण्यामागेही हेच कारण होते. दिवसा या रेषेवरील इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय बलरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना जाऊन साचतात. उत्तरेकडचा साठा साधारणपणे अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर होतो, म्हणून केरळकडून गुजरातकडे जाताना विलंब एकसारखा न वाढता मध्येच झपाट्याने चढतो. अमेरिकेच्या ‘वास’ या ‘गगन’सारख्याच प्रणालीने आयनांबराला ३५० किलोमीटर उंचीवरचे एक पातळ कवच मानले आणि त्याच्या छोट्या छोट्या भागांवर सपाट पृष्ठभाग बसवून विलंबाचा अंदाज काढला. मध्य अक्षांशांवर हे चालून जाते, कारण तिथले आयनांबर बहुतेक दिवस शांत असते. ऑक्टोबर २००३ अखेरच्या तीव्र सौरवादळात मात्र तिथेही दोन दिवसांत कित्येक तास उभे मार्गदर्शन बंद ठेवावे लागले. ‘वास’ तेव्हा कार्यान्वित होऊन चार महिनेही झाले नव्हते. माझ्या मते ते त्या प्रणालीचे यश होते, कारण चुकीचा भरवसा देण्यापेक्षा तिने गप्प राहणे पसंत केले.

भारतात तसे गप्प राहण्याचे तास रोजचेच झाले असते, तर प्रणाली उभारण्यात अर्थ नव्हता. शिवाय रिसीव्हर बदलून हा प्रश्न सुटणार नव्हता. अक्षांश-रेखांशांच्या पाच अंशांच्या जाळीवरील बिंदूंवर दिलेले विलंब आणि त्या प्रत्येकाची अनिश्चितता वाचून, मधल्या जागेसाठी अंदाज काढायचा, ही रिसीव्हरची कृती जगभर एकच ठरलेली आहे. मुंबईहून निघालेले विमान पॅरिसलाही त्याच रिसीव्हरने उतरते. म्हणून जी काही हुशारी करायची ती जमिनीवरच्या गणितात करावी लागली. इस्रोने विकसित केलेल्या प्रारूपात आयनांबर एका कवचात न कोंबता वेगवेगळ्या उंचींवरच्या अनेक थरांत पाहिले जाते, प्रत्येक थराचा अंदाज स्वतंत्र काढून ते एकत्र केले जातात आणि मग निष्पन्न झालेला विलंब रिसीव्हरला समजणाऱ्या त्याच ३५० किलोमीटरांच्या जाळीवर उतरवला जातो. एखाद्या बिंदूबद्दल खात्री नसेल तर त्याची अनिश्चितता वाढवता येते, पार ४५ मीटरपर्यंत, आणि त्याहीपुढे गेल्यास ‘या बिंदूवर देखरेख नाही’ असा संदेश देता येतो. असा संदेश मिळाल्यावर रिसीव्हरला तो बिंदू अप्रोचसाठी वापरता येत नाही.

या प्रकरणात काळाचा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण मला तो निर्णायक वाटतो. ‘गगन’चा तंत्रप्रदर्शनाचा टप्पा २००७ मध्ये पूर्ण झाला. तेव्हा सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्राच्या तळाकडे चालला होता. तो तळ २००८ च्या अखेरीस आला. त्या काळात मिळालेली अचूकता कितीही समाधानकारक असली तरी ती शांत आकाशाची अचूकता होती. पुढच्या चक्राचे शिखर २०१४ मध्ये आले, म्हणजे दोन्ही मान्यता शिखराच्या आसपास मिळाल्या, आणि हा योग चांगला होता. तरीही ते चक्र गेल्या शंभर वर्षांतील दुबळ्या चक्रांपैकी होते. त्यामुळे त्या वर्षांची आकडेवारी भारतीय आकाशाची सर्वांत वाईट बाजू दाखवते, असे कोणी म्हणू नये. २०१५ मध्ये अधिक कडक पातळीचा हट्ट न धरता एपीव्ही-१ वर थांबणे मला म्हणूनच शहाणपणाचे वाटते.

विमानातील मोजणी

हवेत उडणाऱ्या विमानाची चूक मोजायची तर त्याचे खरे स्थान दुसऱ्या कोणत्या तरी, अधिक अचूक मार्गाने कळले पाहिजे. यासाठी विमानात दोन वारंवारता वापरणारा आणखी एक रिसीव्हर ठेवतात, विमानतळावर काटेकोर मोजलेल्या बिंदूवर त्याचा जोडीदार ठेवतात, आणि उड्डाण संपल्यावर दोघांच्या वाहक लहरींच्या मोजमापांवरून विमानाचा मार्ग काही सेंटिमीटर ते डेसिमीटर इतक्या नेमकेपणाने पुन्हा काढतात. चाचणीतील रिसीव्हरने त्या त्या क्षणी दिलेले स्थान आणि हा नंतर काढलेला मार्ग यांतील फरक म्हणजे चूक.

वाचताना सरळ वाटणाऱ्या या पद्धतीत दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण वेळेचे. विमान ताशी २०० किलोमीटर वेगाने येत असेल तर सेकंदाच्या दहाव्या भागात ते साडेपाच मीटर पुढे सरकते. दोन नोंदींच्या वेळेत तेवढी तफावत राहिली, तर नसलेली चूक रिसीव्हरच्या नावावर जमा होते. अशी चूक नेमकी उड्डाणाच्या दिशेने येते, म्हणून जाणकार ती ओळखतो. धावपट्टीला आडव्या दिशेत ती दिसतच नाही, आणि तीन अंशांच्या उतारावर उंचीत ती जेमतेम तीस सेंटिमीटर भरते.

दुसरे ठिकाण उंचीच्या पायाचे, आणि भारतात ते विशेष धोक्याचे आहे. जीपीएस जी उंची देते ती डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, तर नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला पृथ्वीच्या गुरुत्वपृष्ठाचा सर्वांत खोल खळगा असल्याने भारतीय द्वीपकल्पात या दोन उंचींत प्रचंड फरक पडतो : मुंबईत साठ मीटरांहून अधिक, बंगळूरला ऐंशीहून अधिक. मुंबईत समुद्रकिनारी उभ्या असलेल्या माणसाची लंबगोलापासूनची उंची त्यामुळे उणे भरते. अप्रोचच्या अखेरच्या टप्प्याची माहिती ज्या छोट्या संगणकीय संचात विमानाला दिली जाते, त्यात धावपट्टीच्या उंबरठ्याची उंची लंबगोलापासूनच लिहावी लागते. तिथे कोणी समुद्रसपाटीची उंची घातली, तर एकट्या मुंबईतच ५० मीटरांच्या इशारा मर्यादेपेक्षा मोठी चूक शिरेल, आणि रिसीव्हरच्या संरक्षण पातळीला तिचा पत्ताही लागणार नाही, कारण रिसीव्हर स्वतःचे स्थान अगदी बरोबर सांगत असेल; चुकीचे असेल ते धावपट्टीचे. त्या संचाला जोडलेला तपासणी-अंक नकल करतानाची गफलत पकडतो, मोजणीतली नाही. म्हणून प्रत्येक विमानतळाचे नवे सर्वेक्षण आणि त्यानंतरचे तपासणी-उड्डाण हे अचूकतेच्या साखळीतील रिसीव्हरइतकेच महत्त्वाचे दुवे आहेत. कागदोपत्री ते वेगळ्या विभागाकडे जातात, आणि तिथेच दुर्लक्ष होण्याची भीती असते.

एक कोटी अप्रोच कोण मोजणार?

मोजलेल्या चुका अखेर ज्या आलेखावर मांडतात त्याला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावाने ओळखतात. आडव्या अक्षावर प्रत्येक सेकंदाची प्रत्यक्ष चूक आणि उभ्या अक्षावर त्याच सेकंदाला रिसीव्हरने जाहीर केलेली संरक्षण पातळी घ्यायची, आणि मध्ये कर्णरेषा ओढायची. बिंदू कर्णाच्या वर असला तर दावा खरा. खाली असला तर रिसीव्हरने फसवले. वरून मर्यादेची आडवी रेषा ओढली की कोणत्या सेकंदांना अप्रोच करता आला असता तेही दिसते. संदर्भ केंद्रांसारख्या स्थिर ठिकाणी ठेवलेला एकच रिसीव्हर महिन्याभरात असे सुमारे २६ लाख बिंदू देतो, त्यामुळे प्रत्यक्ष विमान न उडवताही भरपूर सामग्री जमते.

या आलेखात चांगल्या दिवशी बहुतेक सगळे बिंदू डाव्या कडेला, काही मीटरांच्या चुकीजवळ दाटीने बसलेले दिसतात आणि संरक्षण पातळी त्यांच्या कितीतरी पट वर असते. नवख्याला यात उधळपट्टी दिसते : चूक तीन मीटर असताना पंचवीस-तीस मीटरांचा दावा कशाला? कारण उभी संरक्षण पातळी म्हणजे अनुमानित प्रमाण विचलनाची ५.३३ पट, आणि हा गुणक एक कोटीत एक या कसोटीवरून आला आहे. ५० मीटरांच्या मर्यादेत राहायचे तर उंचीचे प्रमाण विचलन सुमारे ९.४ मीटरांच्या वर जाऊन चालत नाही.

ही कसोटी निरीक्षणाने तपासता येईल का, याचा हिशेब करून पाहावा. एक अप्रोच दीडशे सेकंदांचा धरला तर एक कोटी अप्रोच म्हणजे दीड अब्ज सेकंद, म्हणजे अखंड साडेसत्तेचाळीस वर्षे. तेवढी नोंद ठेवली तरी तिच्यातून सरासरीने एक घटना मिळेल, आणि एका घटनेवरून संभाव्यता ठरत नाही. त्यातच लागोपाठच्या सेकंदांचे आयनांबर जवळपास एकच असल्याने लाखो बिंदूंतील स्वतंत्र पुरावा फार थोडा असतो. म्हणून या भागाचा निवाडा विश्लेषणाने होतो : धोक्याचे प्रत्येक कारण वेगळे काढायचे, त्याच्या वाट्याला संभाव्यतेचा एक हिस्सा द्यायचा, आणि प्रत्येक ठिकाणी वाईटात वाईट स्थिती गृहीत धरून तो हिस्सा ओलांडला जात नाही हे दाखवायचे. मोजलेली आकडेवारी हे गृहीतक खोटे ठरवू शकते, खरे ठरवू शकत नाही. कर्णाखाली पडलेला एकच बिंदू सगळी मांडणी थांबवायला पुरेसा असतो.

मान्यतेनंतर

२०१५ ची मान्यता आणि किशनगढचे अवतरण यांत सात वर्षे गेली, आणि या विलंबाचे कारण अचूकतेत नव्हते. मोठ्या जेट विमानांच्या भारतीय ताफ्यांत असा वर्धित संकेत वाचणारा रिसीव्हर क्वचितच होता. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या विमानांत तो सक्तीचा केला, पुढे ही तारीख १ जुलै २०२१ पर्यंत लांबली. जून २०२३ मध्ये पवनहंसच्या हेलिकॉप्टरने जुहूहून पुण्यापर्यंत ‘गगन’च्या आधाराने आखलेल्या मार्गाने उड्डाण करून दाखवले. सह्याद्रीच्या आडोशाने जमिनीवरील रेडिओ साधनांचे संकेत कमी उंचीवर अडतात, तेव्हा या मार्गावर उपग्रहाधारित मार्गदर्शनाची उपयुक्तता वेगळी सांगायला नको.

आता दोन वारंवारतांच्या रिसीव्हरकडे वाटचाल सुरू आहे. ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचा दुसरा संकेत सोबत घेतला की आयनांबरातील विलंब रिसीव्हरला स्वतःच जवळजवळ पूर्ण वजा करता येतो, आणि जाळी, थर, अनिश्चिततेचे आकडे यांची गरज बरीच कमी होते. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण दोन मोजमापे अशा रीतीने एकत्र केल्यावर रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट सुमारे २.६ पट होतो. ०.३६ मीटरांचे त्यामुळे ०.९ मीटरांहून अधिक होतात, आणि भारतीय आकाशात आजवर दुय्यम ठरलेली प्रयोगशाळेतील ती चाचणी पुन्हा वजनदार होते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत विषुववृत्तीय आयनांबरात जे विरळ बुडबुडे उठतात, त्यांतून येताना संकेत इतका लुकलुकतो की रिसीव्हरची त्यावरची पकड सुटते, आणि पकडच सुटली तर दुसऱ्या वारंवारतेनेही काही साधत नाही. नव्या रिसीव्हरची भारतातील चाचणी या संध्याकाळी, सौरचक्र चढते असताना घेतली गेली पाहिजे.